मान डोलावणारा वर्ग

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात, हे मला माहीत आहे, तरी आपलं विचारून ठेवलं. चहा येईपर्यंत अर्धं होईल, उरलेलं चहासोबत. फक्त एक करा, हे आमच्या शाळेतल्या कोणाच्या कानावर जाऊ देऊ नका. आमचे हेडसर आता रिटायर झालेत, पण रोज संध्याकाळी फिरायला निघतात आणि भेटेल त्याच्याशी बोलतात.

गोष्ट लॉकडाऊनची. पहिल्याची नव्हे. पहिल्या वेळी आपण सगळे हौशी होतो, थाळ्या वाजवत होतो, घरी जिलब्या तळून फोटो टाकत होतो. ही दुसऱ्या लाटेची गोष्ट. तेव्हा फोन वाजला की नंबर बघायच्या आधी देवाचं नाव घ्यायचो. आठवतं ना? नागपुरात ऊन तापायला लागलं होतं, रस्ते ओस पडले होते आणि दर थोड्या वेळानं कुठून तरी ॲम्ब्युलन्स ओरडत जायची. अशा दिवसांत मी मानेवाड्याच्या आमच्या घरी, मधल्या खोलीत दार लावून, नववीच्या बेचाळीस पोरांना लॅपटॉपवर बीजगणित शिकवत होतो.

आता मी म्हणजे ढोमणे सर. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. माझ्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो, ही माझी ख्याती. आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात काय ऐकू आलं असेल? कुकरच्या शिट्ट्या. कोणाच्या घरी मिक्सर. कोणाची काकू कोणाला तरी झापते आहे. एका पोराच्या घरी तर पोपट होता, तो मी म्हटलेलं उत्तर माझ्या आधी म्हणायचा.

मी काय केलं? सगळ्यांचे माईक बंद करून टाकले. माझ्या हातानं, एकेक करून. म्हटलं, "कोणी बोलायचं नाही. समजलं की मान डोलवायची. बस." झाली शांतता. मग मी प्रश्न विचारायचो, मीच उत्तर द्यायचो, मीच स्वतःला शाबासकी द्यायचो. छान चाललं होतं.

फक्त पोरांचं लक्ष नव्हतं. कोणाच्या चौकोनात नुसता छताचा पंखा दिसायचा, कोणाचं अर्धं कपाळ. एकच मुलगी नीट बसायची, ऋतुजा. पाठ ताठ, दोन वेण्या, नजर समोर, आणि मी "समजलं?" म्हटलं की ही मान डोलावणार. एक दिवस चुकायची नाही. मी रोज वर्गाला सांगायचो, "ऋतुजाकडे बघा. सगळ्यांनी ऋतुजासारखं बसा."

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत सगळा वर्ग ऋतुजासारखा बसायला लागला. बेचाळीसच्या बेचाळीस. सरळ पाठी, समोर नजरा, सगळ्यांच्या माना हलताहेत. मी इतका खूश झालो की स्टाफच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं भाषण दिलं, 'ऑनलाइन वर्गात शिस्त कशी आणावी' यावर. दोघीतिघी मॅडमनी तर वहीत लिहूनही घेतलं.

पण त्याच मीटिंगमध्ये हेडसरांनी एक फटाका फोडला. म्हणाले, संस्थेचं म्हणणं आहे की रोज रोज तेच शिकवायला माणूस कशाला? एकदा धडे रेकॉर्ड करून ठेवा, पोरं पाहतील. म्हणाले, मी स्वतः सगळ्यांच्या वर्गात न सांगता येऊन बसणार. जिथं शिक्षक असल्याचा काही उपयोग दिसेल तो वर्ग शिक्षकाकडे राहील, बाकीच्या वर्गांना रेकॉर्डिंग. आणि ते शिक्षक? ते ऑफिसात दाखले लिहायला.

अठ्ठावीस वर्षं खडू धरलेल्या माणसानं दाखले लिहायचे? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मंगळवारी सकाळी शाळेतल्या बाबूंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाले, "सर, आज तुमचा नंबर आहे. अकरा ते साडेबाराच्या मधात कवाही येतीन. तुम्ही खुर्चीतून उठू नका."

मी कशाला उठतो? साडेदहालाच इस्त्रीचा शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून, पाणी पिऊन, सगळं आटोपून खुर्चीत रुतून बसलो. लागोपाठ दोन तास होते, पावणेअकरा ते पाऊण. अवयव पाडणे हा विषय. वर्ग माझ्याकडे टक लावून पाहत होता. मनात म्हटलं, या हेडसर, कधीही या.

अकराला पाच कमी असतील. माझं लक्ष ऋतुजाच्या चौकोनाकडे गेलं. तिच्या मागे दिवाण दिसायचा आणि त्यावर तिचे आजोबा बसलेले असायचे. धोतर, पांढरी बंडी, उंचेपुरे. त्यांना मी रोज पाहायचो, नमस्कारही करावासा वाटायचा. तर आजोबा पुढे वाकले. हात खाली नेला. मग आणखी वाकले. आणि दिवाणावरून घसरून खाली गेले.

दिसत होते ते फक्त दोन तळवे.

मी थांबलो. म्हटलं, उठतील. काहीतरी पडलं असेल. मनात दहापर्यंत आकडे मोजले. मग वीस. तळवे हलेनात.

"ऋतुजा," मी म्हटलं, "मागे बघ जरा."

तिनं मान डोलावली.

"अगं मान काय डोलावतेस, मागे बघ. आजोबा पडलेत."

तिनं पुन्हा मान डोलावली. शांतपणे. चेहऱ्यावर तोच समजूतदार भाव. मला वाटलं आवाज जात नसेल. मी हेडफोन काढला, घातला, हातवारे केले, खुर्चीत अर्धा उभा राहून ओरडलो, "ऋतुजा, आजोबा!" ती माझ्याकडे पाहत राहिली आणि दहा सेकंदांनी, अगदी मन लावून, मान डोलावली.

म्हटलं, वर्गाला विचारावं. "पोरांनो, ऋतुजाच्या घराजवळ कोणी राहतं का? असेल त्यानं हात वर करा. लवकर."

बेचाळीस माना हलल्या. हात एकही वर आला नाही.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? संशय वगैरे काही नाही. मला त्या पोरांचा भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली रडू आलं. एक म्हातारा माणूस यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडला आहे आणि ही माना डोलावताहेत. वर्षभर स्क्रीनसमोर बसवून बसवून आपण लेकरांचे दगड केले, असं वाटलं. हे दगड घडवणारा मीच, असंही वाटलं, पण ते जरा नंतर.

मोबाइलमध्ये वर्गाची यादी होती. ऋतुजाचे वडील कामठीला नोकरीला, त्यांचा फोन लागेना. आई नर्स, ती ड्यूटीवर, नुसती रिंग जात होती. म्हणजे घरात ही पोर आणि आजोबा, दोघंच. ॲम्ब्युलन्सला लावला तर तिकडे 'आपण रांगेत आहात'. पत्ता गांधीबागचा. स्कूटरनं वीस मिनिटं.

घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं. हेडसर कोणत्याही क्षणी येणार. उठलो तर वर्ग गेला, पुढची वर्षं दाखले लिहायचे. नाही उठलो तर?

आमच्या गल्लीतले एक काका त्याच महिन्यात असेच गेले होते. घरात माणसं होती, पण सगळी आपापल्या खोलीत, आपापल्या स्क्रीनसमोर. कोणाला कळलंच नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला मी खिडकीतून हात जोडले होते.

मी उठलो. वर्ग बंद करायचंही सुचलं नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळला, किल्ली घेतली आणि निघालो. स्वयंपाकघरात सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, कानात इअरफोन घालून काम करत होत्या. तिला ओरडून सांगितलं, पण तिनं काय ऐकलं असेल ते पुढे कळेलच.

सक्करदऱ्याच्या चौकात बॅरिकेड लावलेले. एका हवालदारानं काठी आडवी केली.

"कुठं चालले?"

"गांधीबाग. म्हातारा माणूस पडला आहे घरात. हालचाल नाही. पंधरावीस मिनिटं झाली."

त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट. तोंडाला फडकं. आणि गळ्यात, मला भानच नव्हतं, हेडफोन लटकत होता. दोन्ही बोंडं छातीवर, वायर दुपट्ट्यात गेलेली.

"मग थांबले काहून, डॉक्टर साहेब?" तो म्हणाला. "चाला, मी समोर होतो."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण त्यानं बुलेटला किक मारली होती, आणि खोटं बोलावं लागत नसेल तर खरं तरी कशाला बोला? त्याच्या मागे मी स्कूटर सोडली. रिकाम्या रस्त्यानं, पुढे पोलीस, मागे मी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी हॉर्न वाजवत रस्ता काढत होतं.

गांधीबागेतली ती कापडाची गल्ली. एरवी तिथून सायकल न्यायची तर गठ्ठ्यांना नमस्कार करत न्यावी लागते. त्या दिवशी सगळी शटरं खाली, एक कुत्रं तेवढं सावलीत. बुलेटचा आवाज झाला तशा गॅलऱ्या भरल्या. वरून एक बाई म्हणाली, "पोलीस आणि डॉक्टर दोघंही आले वं माय. दुसऱ्या माळ्यावर हाये वाटते." पाठोपाठ धडाधड खिडक्या बंद झाल्या. एका माणसानं गॅलरीतूनच जिन्याच्या दिशेनं सॅनिटायझर उडवलं. ते माझ्या चष्म्यावर पडलं.

मी दोन माळे कसे चढलो ते मला माहीत नाही. वय त्रेपन्न, गुडघे वेगळ्याच मताचे. दारावर थापा मारल्या. एक, दोन, तीन. आतून काही आवाज नाही. हवालदार म्हणाला, "तोडू काय?" मी "तोडा" म्हणणार, तेवढ्यात कडी सरकली.

दारात आजोबा उभे होते.

उंचेपुरे, धोतर, बंडी. जिवंत. हातात कॅरमचा स्ट्रायकर.

"काय झालं गा?" ते म्हणाले. "दरवाजा तोडता काय? कोण पाह्यजे?"

"तुम्ही पडला होतात," मी कसाबसा म्हणालो. धाप लागली होती.

"कवा?"

"आत्ता. अकराला."

"मी त सकाळपासून इथंच बसून राहिलो." आजोबांनी हवालदाराकडे पाहिलं. "उलट जिंकून राहिलो."

हवालदारानं मला हळूच विचारलं, "डॉक्टर साहेब, पेशंट कोणता म्हणाले?"

तेवढ्यात आजोबांच्या मागून ऋतुजा आली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा पांढरा पडला की खरा पेशंट तीच वाटावी. मी तिला ओलांडून समोरच्या खोलीत गेलो. दिवाण होता. दिवाणासमोर टेबलावर लॅपटॉप, आवाज बंद केलेला. आणि लॅपटॉपवर, माझ्या वर्गात, ऋतुजा बसली होती. पाठ ताठ. दोन वेण्या. तिनं मला पाहून मान डोलावली. तिच्या मागे दोन तळवे.

मी एकदा स्क्रीनवरच्या ऋतुजाकडे पाहिलं, एकदा दारातल्या. दारातलीनं खाली मान घातली.

एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. मला यायला आणखी दोन मिनिटं लागली. या पोरीनं स्वतःचाच अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढला होता, मान डोलावतानाचा, आणि माझा तास सुरू झाला की कॅमेऱ्याच्या जागी तो लावून द्यायची. संपला की पुन्हा पहिल्यापासून. रोज. तीन महिने. आजचा मात्र कालच नवा काढलेला, मागे काय झालं ते न बघता. मी ज्या मुलीची वर्गासमोर आरती ओवाळत होतो, ती मुलगी त्या खोलीत नव्हतीच.

आजोबा डोळ्यांवर चष्मा चढवून स्क्रीनपाशी वाकले. "हा मीच व्हय," ते म्हणाले. "काल कॅरमची राणी दिवाणाखाली गेली होती. काढाले वाकलो, त फरशी अशी थंडगार लागली, का म्हटलं आता उठते कोण. तिथंच झोप लागली." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही गणिताचे मास्तर काय? अन् मी मेलो म्हणून आले एवढ्या उन्हात?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मास्तर?" हवालदार म्हणाला. माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. मग हळूच काढून खिशात ठेवला.

मी ऋतुजाला रागावायला वळलो. शब्दही तयार होते. पण तिनंच आधी सांगायला सुरुवात केली, रडत रडत. "सर, मम्मी-पप्पा दिवसभर बाहेर असतात. आजोबा सावनेरचे, खाणीत होते. तिथं रोज चौकात बसायचे. त्यांचे तीन दोस्त एका महिन्यात गेले. फोनवरच कळलं. जाता पण नाही आलं. मग यांनी जेवणच सोडलं होतं. कॅरम काढला तर बोलाले लागले, खायाले लागले. म्हणून मग मी."

"आणि गणित?"

"ते मी संध्याकाळी पुस्तकातून करते, सर. दाखवू काय?"

वही आणली. सगळी गणितं सोडवलेली. बरोबर. अक्षरही चांगलं. मी पानं उलटत राहिलो, कारण मान वर करायची हिंमत होत नव्हती. शेवटी विचारलं, "पण माझाच तास काहून निवडला? विज्ञानाचा होता, इंग्रजीचा होता."

"सर, बाकीचे सर-मॅडम मधात काहीतरी विचारतात. तुमच्याच तासाले काही बोलावं लागत नाही."

तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं, म्हणून ते फारच लागलं.

आजोबांना माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. त्यांनी मला हाताला धरून मागच्या गॅलरीत नेलं. तिथं पोत्यावर कॅरम मांडलेला. म्हणाले, "बसा. किती दिवसांनी या घरात बाहेरचं माणूस आलं. तिसरा-चौथा गडी लागतेच होता." आणि हवालदाराला, "तुम्ही बी या. टोपी काढा. पाच मिनिटांनं कोणता चोर पळून चालला?"

हवालदाराला महिनाभर सुट्टी नव्हती. त्यानं घड्याळ पाहिलं, खाली ओस पडलेली गल्ली पाहिली आणि टोपी काढली. "एकच डाव," म्हणाला.

तोंडावर फडकी बांधून, चार कोपऱ्यांना चौघं बसलो. मी आणि हवालदार एकीकडे, आजोबा आणि ऋतुजा दुसरीकडे. मी अठ्ठावीस वर्षं कोन शिकवतो. कोन मोजून स्ट्रायकर मारला, तो सोंगटीला न लागता थेट भोकात. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका लागला म्हणून बाजूच्या घराची एक उरलेली खिडकी बंद झाली. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्यासमोर, माझ्यावर, मनापासून हसत होतं. मला ते आवडलं, खरं सांगतो.

दुसरा डाव मांडताना सहज घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी.

वर्ग. हेडसर. चालू लॅपटॉप. रिकामी खुर्ची.

मी कसा उठलो, चप्पल कोणाची घातली, काही विचारू नका. डावी माझी होती, उजवी आजोबांची. परत येताना प्रत्येक चौकात मला दाखल्यांचे गठ्ठे दिसत होते. चौकातच थांबून हेडसरांना फोन करावा म्हटलं, पण सांगणार काय? की सर, एक माणूस मेला नव्हता म्हणून उशीर झाला? स्कूटर चालवताना मी मनातल्या मनात राजीनामाही लिहिला. चांगला झाला होता.

घरात शिरलो. सुनंदा समोरच्या खोलीत वाटाणे सोलत होती. मला दारातून आत येताना पाहून तिचे हात थांबले.

"अहो, तुम्ही बाहेर कधी गेलात? मी तासभर पाय न वाजवता फिरतेय, तुमचा वर्ग चालू आहे म्हणून."

दाराशी तिनं ठेवलेला चहा तसाच होता, साय धरलेला. मी आत गेलो.

वर्ग चालू होता. खुर्ची रिकामी होती. आणि खुर्चीसमोर एक्केचाळीस पोरं, पाठ ताठ, नजर समोर, त्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत मान डोलावत होती.

मी उभ्या उभ्या पाहत राहिलो. एकेकाकडे. पहिल्या ओळीतला एक दर दहा सेकंदांनी नाक खाजवायचा. एका मुलीच्या मागे घड्याळ होतं, त्यात साडेचार वाजले होते. हे सगळं मी रोज पाहत होतो आणि काहीच पाहत नव्हतो. सगळ्यांनी ऋतुजासारखं बसा म्हणालो होतो मी. बसली की बिचारी. रडावं की काय करावं ते कळेना, तेव्हा मी खुर्चीत बसलो.

तेव्हा दिसलं, एक चौकोन मात्र हलत होता. ऋतुजाचा. ती खरोखरची समोर बसली होती, डोळे सुजलेले, आणि तिच्या खांद्यावरून आजोबा अर्धे स्क्रीनमध्ये घुसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मी तिचा माईक उघडला.

"मास्तर, पोहोचले काय नीट? एवढं ऊन हाये, म्हटलं रस्त्यात पडले का काय."

मी मान डोलावली.

आणि मोबाइल वाजला. हेडसर.

राजीनामा पाठ होताच. मी म्हटलं, "सर, मला सगळं सांगू द्या."

"तुम्ही आधी ऐका," हेडसर म्हणाले. "मी सव्वाअकराला आलो. तुमची खुर्ची रिकामी. म्हटलं, आता पाहू पोरांची मजा. ढोमणे सर, एक पोरगं हललं नाही हो. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा पाहिली. सगळे तसेच बसलेले, तुमची वाट बघत. मग मला राहवलं नाही. म्हटलं, दोन शब्द बोलावं."

"तुम्ही बोललात? वर्गाशी?"

"वीस मिनिटं बोललो. माझ्या लहानपणावर बोललो, आईवर बोललो. ती याच लाटेत गेली, ते मी स्टाफमध्ये कोणाला नीट सांगितलं नव्हतं. पोरांना सांगितलं. काय ऐकत होती हो. प्रत्येक वाक्याला माना हलत होत्या. वर्षभरात माझं इतकं कोणी ऐकून घेतलं नाही. घरीसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं, व्हिडिओ, कॅरम, हवालदार. पलीकडे हेडसर नाक पुसत होते. आता तुम्हीच सांगा, तुम्ही सांगितलं असतं? मी म्हटलं, "हो सर, गुणी आहेत पोरं."

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांचे माईक उघडले. पहिली दहा मिनिटं गणित नाही, घरी कसं आहे ते सांगायचं, हा नियम केला. कुकर परत आले, मिक्सर परत आला, पोपट तर आल्याआल्या अवयव पाडायला लागला. वर्गात असा गोंधळ माजला की माझी ख्याती कायमची गेली. आजोबा रोज दहा मिनिटं वर्गात येऊन खाणीतल्या गोष्टी सांगायचे.

आठवड्याभरानं हेडसरांचा लेखी अहवाल आला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला 'उत्कृष्ट' असा शेरा एकदाच मिळाला, तो हा. सुनंदानं तो फ्रेम करायचा म्हटलं होतं, मी कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे. त्यात लिहिलं आहे: 'सदर शिक्षकाच्या अनुपस्थितीत वर्गाची शिस्त व एकाग्रता सर्वोत्तम आढळली. सबब वर्ग त्यांच्याकडेच कायम ठेवावा.'